कल्हई उडालेला हिवाळा

कलकत्त्याची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. पण तिचं आगतस्वागत असं, की बघत राहावं. जरा उत्तरेचा वारा सुटला की थोराड बाप्ये कानटोप्या घालून मिशा तेवढ्या बाहेर ठेवतात, बाजारात फुलकोबीचे ढीग लागतात आणि मिठाईच्या दुकानांतून खजुराच्या नव्या गुळाचा वास रस्त्यावर येतो. मी इथेच जन्मले, इथेच म्हातारी झाले, तरी हा वास आला की अजून पिशवी घेऊन बाहेर पडते. परवा तशीच गुळासाठी गेले आणि डोकं फिरवून घेऊन परत आले.

कारण झालं एक नवं दुकान. काचेचं दार, आत मंद दिवे आणि फळ्यांवर ओळीनं पितळेची पातेली. एक गोड मुलगी हातमागाची साडी नेसून सगळ्यांना सांगत होती, की आपल्या पूर्वजांना सगळं कळत होतं, लहान मुलाचं दूध ह्यातच तापवावं, मासीमा, आरोग्याला फार चांगलं. मी एक पातेलं उचललं, आत बोट फिरवलं. आत बाहेरच्यासारखंच पिवळंधमक. "आतून कल्हई नाही?" मी विचारलं. तिनं हसून विचारलं, "म्हणजे काय?" पितळेला आतून कथलाचा पांढरा लेप द्यायचा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं; त्या पोरीवर ओरडण्यात अर्थ नव्हता. मी पातेलं खाली ठेवलं, गूळ न घेताच रिक्षात बसले आणि घरापर्यंत त्या बिचाऱ्या रिक्षावाल्यावर चिडचिड केली.

माझा सगळा जन्म यकृतात गेला. वडील खिदिरपूरला गोदीवर कस्टममध्ये होते. मुलगी शिकली तर शाळेत मास्तरीण होईल एवढीच त्यांची झेप, आणि मी निघाले उंदरांची पोटं फाडायला. आई ह्या विषयावर पाहुण्यांसमोर बोलत नसे. मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र मला 'लिव्हरवाली ताई' म्हणत. कुणाला कावीळ झाली, कुणाच्या सासऱ्याच्या पोटात पाणी झालं, की आरती संपायच्या आत माणूस माझ्या कानाशी. मी डॉक्टर नाही हो, मी फक्त मायक्रोस्कोपमधून बघते, असं सांगून काही उपयोग होत नसे.

मी बघत होते कॅन्सर. एक पिवळा रंग असतो, तो उंदरांना तांदळाच्या कण्यांतून खाऊ घातला की काही महिन्यांनी त्यांच्या यकृतात गाठी धरतात. आधी पेशी सुजतात, मग मरतात, मग ज्या उरतात त्या जिवाच्या आकांतानं वाढायला लागतात आणि त्यातल्याच काही वाट सोडतात. ही वाट नेमकी कुठे सुटते, हे शोधणं माझं काम. खोलीला भिजलेल्या भुशाचा, फॉर्मालिनचा आणि वितळलेल्या पॅराफिनचा मिळून एक वास असे. तो घरी माझ्या वेणीतून येई.

मी सांगतेय तो हिवाळा सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचा. तेव्हा संध्याकाळ झाली की घरोघर कोळशाच्या शेगड्या पेटत आणि त्यांचा धूर वर न जाता गल्लीतच बसून राही. ट्रामचा दिवा धुरातून असा येई की जणू ती पाण्याखालून येतेय. वीज दिवसातून कितीदा जाईल ह्याचा नेम नव्हता. म्हणून मी माझा मायक्रोस्कोप खिडकीशी नेला होता. जुन्या पद्धतीचा, खाली आरसा असलेला. हिवाळ्याचं सकाळचं ऊन त्या आरशावर घेतलं की विजेच्या दिव्यापेक्षा स्वच्छ दिसे. त्या उन्हात बसून मी काम करायची, अंगावर शाल, पायांत दोन-दोन मोजे, आणि मी खूप सुखी होते. हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी जन्मापासून रागावलेलीच आहे.

त्या वर्षी काविळीचा विषाणू यकृताच्या तुकड्यात दाखवणाऱ्या एका रंगाची आमच्यात चर्चा होती. रंग जुनाच, उपयोग नवा. विषाणू असेल तिथे पेशी तपकिरी होते. काविळीचा आणि यकृताच्या कॅन्सरचा संबंध असावा असं तेव्हा सगळ्यांच्या बोलण्यात होतं, म्हणून आमच्या विभागप्रमुखांनी मला सांगितलं, कपाटातले जुने तुकडे काढा आणि रंगवून बघा. सर बंगाली, विद्वान, कडक इस्त्रीचं धोतर, आणि इंग्रजी असं की ऐकत राहावं. मी त्यांना मानत होते. कपाटात मेणात बुडवून ठेवलेले यकृताचे तुकडे होते, मोठ्या माणसांचे, आणि एका खोक्यात लहान मुलांचे.

लहान मुलांचे, कारण तेव्हा एक आजार होता. आता तरुण डॉक्टरांना तो सांगावा लागतो. वर्ष-दोन वर्षांचं गुटगुटीत मूल, खात्यापित्या घरचं, हळूहळू चिडचिडं होई. पोट नगाऱ्यासारखं फुगे, हातपाय काड्या. बरगडीखाली यकृत दगडासारखं हाताला लागे. मग डोळे पिवळे, मग काही महिन्यांत सगळं आटोपे. एकाच घरात दुसरं मूलही तसंच जाई. मोठ्या रोगांना नावं असतात, संशोधकांची, शहरांची. ह्याला घरोघर म्हणत 'लिव्हर'. अमक्याच्या मुलाला लिव्हर झालंय, एवढंच, आणि ऐकणारी बाई आपलं मूल उचलून पोटाशी धरायची.

मी ते तुकडे रंगवले आणि मुलांच्या काचपट्ट्या खिडकीशी घेऊन बसले. पेशी-पेशीत तपकिरी कण होते, जाडे, भरड, ओंजळीनं फेकल्यासारखे. विषाणू असा दिसत नाही. मी सरांना बोलावलं. त्यांनी उभ्याउभ्याच एक डोळा लावला आणि म्हणाले, "नोंगरा! घाण आहे. रंग गाळून घेतला नाहीत." मी गाळून घेतला होता. पुन्हा केलं. त्याच ताटलीत, त्याच रंगात मोठ्या माणसांचे तुकडे बुडवले. ते स्वच्छ निघाले, मुलांचे पुन्हा तसेच. सर म्हणाले, "मुलांच्या तुकड्यांत ही घाण असतेच. इतर रंगांतही काही ना काही दिसतं. मी वर्षानुवर्षं बघतोय. आम्ही अशा पट्ट्या फेकून देतो."

वर्षानुवर्षं बघतोय. मी ते वाक्य ऐकलं तेव्हा मला नुसता अपमान झाल्यासारखं वाटलं. त्याचा खरा अर्थ कळायला महिना जावा लागला.

घाण जर नेमकी एकाच आजाराच्या मुलांत शिरत असेल, तर ती घाण फार हुशार म्हणायची. मी धातूंसाठी असतात ते रंग एकामागून एक लावून पाहिले. तांबं दाखवणारा रंग लावला आणि ते सगळे कण हिरवट काळे होऊन उठले. एवढं तांबं, की माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दुधावर वाढणाऱ्या मुलाच्या यकृतात तांबं कुठून येतं? सरांचं उत्तर तयार होतं. जन्मजात दोष, रक्तातच असेल. आईबापांची नात्यात लग्नं झालीत का विचारा. आईकडूनच येत असणार काहीतरी.

आईकडूनच. सगळ्यांची गाडी शेवटी ह्याच स्टेशनावर का थांबायची, हे मला आजही कळलेलं नाही.

त्या खोक्यातला एक तुकडा अजूचा होता. सुमतीच्या पहिल्या मुलाचा. सुमती म्हणजे बँकेतल्या वसंतरावांची बायको. साताऱ्याहून बदली होऊन ही मंडळी डमडमला राहायला आली, वसंतराव, सुमती आणि वसंतरावांच्या आई, ज्यांना सगळे माई म्हणत. अजू इथेच झाला, इथेच दीड वर्षाचा झाला आणि आदल्या उन्हाळ्यात गेला. त्याला इस्पितळात जागा मिळवून द्यायला मीच धावले होते. वॉर्डात त्या डॉक्टरनं सुमतीला खाटेशेजारी उभं करून विचारलेले प्रश्न मी ऐकले होते. तुमच्या माहेरी कुणाला असं झालं होतं? गरोदरपणी काय खाल्लंत? दूध किती महिने पाजलंत? अंगावर पाजताना ताप होता का? सुमती आरोपीसारखी एकेक उत्तर देत होती, आणि माई मागे स्टुलावर बसून माळ ओढत होत्या.

निकाल डॉक्टरनं तोंडानं दिला नाही. तो घरी लागला. आईचं दूध बाधलं. अजूच्या जाण्याच्या वेळी सुमतीच्या पोटात दुसरं होतंच. नंदू जन्मला तेव्हा माईंनी सांगून टाकलं, ह्याला आईचं पाजायचं नाही. वरचं दूध द्यायचं, आणि ते मी स्वतः तापवून देईन. वसंतराव गप्प बसले. शिकलेला माणूस घरात गप्प बसला की त्याला लोक समजूतदार म्हणतात.

पौषातल्या एका रविवारी मी डमडमला गेले. नंदूला सहा-सात महिने झाले होते. गोरापान, पण मांडीवर घेतला तर किरकिरा. माझा हात सवयीनं त्याच्या उजव्या बरगडीखाली गेला. कड लागली, अजून मऊ होती. माई चहा ठेवायला उठल्या म्हणून मी त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

शेगडीच्या कडेला, निवत्या निखाऱ्यांवर, पितळेचं पातेलं होतं. त्यात दूध. माई म्हणाल्या, "सकाळी एकदा उतू येऊ द्यायचं आणि मग दिवसभर असं कोमट ठेवायचं. बाळाला लागेल तेव्हा वाटीभर." मी विचारलं, "माई, हे पातेलं?" त्यांचा चेहरा खुलला. "आमच्या आजेसासूबाईंचं. लहान मुलाचं दूध आमच्यात ह्यातच तापतं. अजूचंही ह्यातच तापायचं. रोज चिंच आणि राख लावून मी स्वतः घासते. मोलकरणीच्या हाती देत नाही." त्यांनी दूध दुसऱ्या भांड्यात ओतून पातेलं माझ्यासमोर धरलं. आतून-बाहेरून सोनं. "कल्हई?" मी विचारलं. "अगं, साताऱ्याला असताना कल्हईवाला वाड्याशी येऊन बसायचा. इथल्या माणसांचा काय भरवसा? कथलात शिसं मिसळतात म्हणे. त्यापेक्षा स्वच्छ घासलेलं बरं."

मला त्या क्षणी खिडकीतलं ऊन आठवलं, आणि त्यातले ते कण. चिंचेनं रोज खरवडून उघडं केलेलं पितळ, म्हणजे निम्म्याहून जास्त तांबंच, आणि त्यात तास न् तास कोमट दूध. तांबं कुठून येतं म्हणे. आमच्या कपाटापासून एका बसच्या अंतरावर ते निखाऱ्यांवर ठेवलेलं होतं. आणि आईच्या विषापासून वाचवायचं म्हणून त्या पोराला तेच दूध पाजलं जात होतं.

मी जमेल तितक्या हळू सांगितलं. माई ऐकून हसल्या. "पोरी, चार पिढ्या वाढल्या ह्या पातेल्यातल्या दुधावर." वाढल्या, पण कल्हईवर वाढल्या, मी म्हटलं. तांब्याचं सांगितलं, अजूच्या तुकड्यातल्या कणांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुमच्या साहेबांनी सांगितलंय का असं?" वसंतराव दारात येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "ताई, साहेबांनी एक शब्द सांगितला तर आईला पटेल. तुम्ही काय, घरातल्याच."

निघताना सुमती मला जिन्यापर्यंत सोडायला आली. खालच्या पायरीवर थांबून तिनं घाईघाईनं सांगितलं, "ताई, माई दुपारी जपाला बसल्या की मी त्याला पाजते. चोरून. दूध अजून आहे मला. तो मागतो हो. पण पाजलं की दिवसभर जीव थाऱ्यावर नसतो. अजूसारखं झालं तर? मी माझ्या हातानंच मारतेय का ह्याला?"

स्वतःच्या मुलाला चोरून पाजणारी आई मी त्या दिवशी पाहिली. मी तिला म्हटलं, "पाज. जमेल तितकं पाज. वरचं द्यायचंच असेल तर ॲल्युमिनियमच्या भांड्यात तापव." ती म्हणाली, "तुम्ही नक्की सांगता?" मी म्हटलं, नक्की.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. सगळं मांडलं. इतर मुलांच्या घरी जाऊन भांडी बघूया, दूध तपासूया, चार-सहा महिन्यांत कळेल. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "एटा रान्नाघर नोय." हे स्वयंपाकघर नव्हे. "तुम्ही बायका शेवटी भांड्यांवर येता. एक घर म्हणजे शास्त्र होत नाही. उद्या वर्तमानपत्रात आलं तर अर्धा देश माझ्या दारात येईल. लॅबबाहेर ह्यातला एक शब्द जाता कामा नये. तुमची नेमणूक चैत्रात पुन्हा माझ्याकडे सहीला येणार आहे, हे लक्षात असू द्या." मी विचारलं, "आणि तोवर त्या मुलानं काय प्यायचं?" सरांनी चष्मा पुसायला घेतला.

पुरावा मागणं चूक नव्हे. मी जन्मभर माझ्या विद्यार्थ्यांकडून पुरावाच मागितला, आणि कमी पडला की हाकलून दिलं. पण आईच्या दुधाला दोष देताना पुरावा कुणी मागितला होता? तो दोष वॉर्डात, घरात, आमच्या लॅबमध्ये, सगळीकडे फुकट चालत होता. पातेल्यावर बोट ठेवलं तेव्हा मात्र सगळ्यांना शास्त्र आठवलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्यांनी, दुसऱ्या गावांत हे सगळं नीट करून दाखवलं. पितळेची भांडी स्टीलला जागा देऊन माळ्यावर गेली आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला. आज पुस्तकात त्याला थोडीशी जागा आहे, भांड्यांचाही उल्लेख आहे. किती आयांच्या माथी त्या मृत्यूंचा दोष मारला गेला, त्याला पुस्तकात रकाना नाही. माझी नेमणूक चैत्रात गेली. दुसरीकडे मिळाली, मी पुन्हा कॅन्सरकडे वळले, पेशी वाट कुठे सोडते ते शोधत पांढरी झाले. नंदू वाचला, हे आधीच सांगून टाकते, कारण मला इथे कुणाचा जीव टांगणीला लावायचा नाही. माझा राग निराळ्या गोष्टीवर आहे.

त्याच हिवाळ्यात संक्रांतीला नंदूचं बोरन्हाण होतं. बोरं मिळवताना नाकी नऊ आले, कारण सरस्वतीपूजेआधी बोर तोंडात घालणं इथे पाप. शेजारच्या बंगाली काकीमांनी परातीतली बोरं बघून कपाळावर हात मारला, आणि तरी कौतुकानं बसून राहिल्या. मंडळातल्या बायका जमल्या होत्या, काळ्या साड्या, हळदीकुंकू. नंदू पाटावर काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून रडका चेहरा करून बसला होता. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे त्याच्या डोक्यावरून ओतले, पोरांनी लूट केली. सुमती पाटामागे उभी होती. तिला मध्ये बसू दिलं नव्हतं.

कुणीतरी सहज म्हटलं, गोड आहे हो, जपा. माई म्हणाल्या, "जपतेच. ह्याला मी आईच्या दुधाचा थेंब लागू दिला नाही. पहिल्याला बाधलं ते बाधलं." सगळ्या बायकांनी एकदमच सुमतीकडे पाहायचं टाळलं. त्या टाळण्यात सगळं होतं.

सुमतीनं डोकं वर केलं. "ताई," ती म्हणाली, मोठ्यानं, मी तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "तुम्ही अजूचा तुकडा बघितलाय. सगळ्यांसमोर सांगा. तो माझ्या दुधानं गेला का?"

सर आठवले, चैत्र आठवला. एका घरावरून शास्त्र होत नाही हेही आठवलं, आणि ते खरंच होतं. मी म्हटलं, "नाही. त्याच्या पोटात तांबं होतं, आणि आईच्या दुधात तेवढं तांबं असूच शकत नाही. ते कल्हई उडालेल्या पातेल्यातून आलं."

तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय केलं. एका बाईच्या डोक्यावरचं ओझं उचललं आणि दुसरीच्या डोक्यावर ठेवलं. आता सगळ्याजणी माईंकडे बघत होत्या. माझा राग त्यांच्यावर कधीच नव्हता. चिंच लावून हात सोलवटून घेणाऱ्या त्या म्हातारीपेक्षा वर्षानुवर्षं ते कण बघून केराच्या टोपलीत टाकणारा तो कडक इस्त्रीचा माणूस मला समोर हवा होता.

माईंनी मलाच विचारलं. आवाजात भांडण नव्हतं, खरोखरचा प्रश्न होता. "वॉर्डात त्या डॉक्टरांनी हिला इतकं विचारलं. मी मागेच बसले होते. दूध तर मी तापवत होते. मला कुणी काहीच का नाही विचारलं?"

त्याचं उत्तर सांगायची मला लाज वाटली. माईंनी खाली वाकून नंदूला पाटावरून उचललं, त्याच्या केसांत अडकलेले चुरमुरे काढले आणि त्याला सुमतीच्या हातांत दिलं. "घे," त्या म्हणाल्या, "पाज त्याला." सुमती आतल्या खोलीकडे वळली, सवयीनं. माई म्हणाल्या, "आत कशाला? इथे बस." मग ती आमच्या सगळ्यांच्या मधे, लुटून उरलेल्या बोरांवर पदर पसरून बसली आणि तिनं त्याला पाजलं.